पावापुरोत पिचर घडवायचा तर आठवड्यांचा हिशेब आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रिकेटची सवय, जपानी अजिबात येत नाही, पीएस4 वर ‘पॉवरफुल प्रो याक्यू 2024-2025’ हा जपानी बेसबॉलचा गेम (लाडकं नाव पावापुरो) घेतला आहे. सक्सेस मोडमध्ये, म्हणजे आठवड्यागणिक सराव देऊन एक खेळाडू घडवायच्या मोडमध्ये, पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) बनवायला घेतला की एकदा दुखापतीतच वेळ जातो, एकदा ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, नाव येत नाही, आणि तरलाच तर सगळ्या रकान्यांत डी नि ई. चुकतंय कुठे? आणि हायस्कूल संघाच्या प्रशिक्षकाचा मोड भाषा न येता खेळता येतो का?

तिन्ही अपयशांचं मूळ एकच दिसतं. पिचर कसा हवा हे न ठरवता आठवडे खर्च होताहेत. सक्सेसमध्ये तुमच्या हातात खरी संपत्ती एकच, आणि ती म्हणजे आठवडे. सामन्यात कितीही चांगले खेळलात तरी सामने मोजके. खेळाडू घडतो तो दोन सामन्यांमधल्या सरावात. मोठं डोकं, हात-पाय गायब, असली बाहुली बघून हा मुलांचा खेळ वाटतो. पण कोनामीने 1994 मध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर ही मालिका सुरू केली आणि 1996 च्या तिसऱ्या भागात सक्सेस आणला, तेव्हापासून त्याचा गाभा हिशेबाचाच आहे.

आधी श्रेणी समजून घ्या, कारण गुण कुठे थांबवायचे हे त्यावर ठरतं. 90 आणि वर एस, 80 ते 89 ए, 70 ते 79 बी, 60 ते 69 सी, 50 ते 59 डी, 40 ते 49 ई, 20 ते 39 एफ, त्याखाली जी. आकडा जितका वर, तितका पुढचा एक गुण महाग. म्हणजे 45 वरून 55 वर जायला जे लागतं त्याच्या कितीतरी पट 75 वरून 85 ला लागतं. नवखा माणूस हे बघून सगळं थोडंथोडं वाढवतो, कारण स्वस्त पडतं. नेमका तोच डी-ई चा पिचर. कुठल्याच फलंदाजाला त्याची भीती नाही.

सरावातून अनुभवाचे गुण मिळतात ते पाच प्रकारचे: ताकद, चपळाई, तंत्र, ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) आणि मनोबल. जपानी नावं अनुक्रमे किन्र्योकू, बिन्शो, गिजुत्सू, हेन्काक्यू आणि सेइशिन. पडद्यावर बहुधा याच क्रमाने दिसतात, त्यामुळे चिन्हं न वाचता जागेवरून ओळखता येतात. गोम अशी की कुठलाही गुणधर्म वाढवायला एकाच प्रकारचे गुण पुरत नाहीत. वेगाला ताकद मुख्य लागते, कंट्रोलला (चेंडू ठरवल्या जागी टाकण्याला) तंत्र, ब्रेकिंग बॉलला अर्थातच त्याचे स्वतःचे, आणि बहुतेक खास कौशल्यांना मनोबल. वेगाच्या सरावावर महिनाभर बसलात तर ताकदीचा ढीग साचतो आणि तंत्राअभावी तो तसाच पडून राहतो. दर चार-सहा आठवड्यांनी पाचही रकाने बघा. जो सगळ्यात रिकामा, पुढचा सराव त्याचा.

आता लक्ष्य. पहिल्या पिचरसाठी हे पुरेसं आहे: वेग ताशी 148 ते 150 किलोमीटर, कंट्रोल बी म्हणजे 70 च्या आसपास, स्टॅमिना सी, आणि दोन दिशांचे ब्रेकिंग बॉल मिळून एकूण वळण 7 किंवा 8. 155 चा वेग हे गाजर आहे, त्यामागे लागू नका. शेवटच्या त्या चार-पाच किलोमीटरमध्ये कंट्रोलची अख्खी श्रेणी विकत घेता येते, आणि कंट्रोल ढिसाळ असेल तर चेंडू ठरवल्या जागेवरून मधोमध सरकतो. 155 चा मधला चेंडूही कुंपणापार जातो.

ब्रेकिंग बॉलच्या पाच दिशा असतात: स्लायडर, कर्व्ह, फोर्क, सिंकर, शूट. प्रत्येक दिशेला वळण 1 ते 7. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या फलंदाजापासून लांब पळतो, शूट त्याच्या अंगावर येतो, फोर्क सरळ येऊन खाली पडतो. डावखुऱ्याचं चित्र आरशातलं. एकाच दिशेला 7 करण्यापेक्षा स्लायडर 4 आणि फोर्क 4 हे जास्त कामाचं, कारण एक आडवा नि एक खाली असला की फलंदाजाला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. स्लायडर आणि कर्व्ह अशी जोडी घेतलीत तर दोन्ही एकाच बाजूला जातात, आणि कागदावर 8 दिसणारं वळण मैदानात तेवढं चावत नाही. 'नोबी' नावाची श्रेणीही बघा. सरळ चेंडू फलंदाजाला किती ‘वाढल्यासारखा’ वाटतो ते तिच्यावर अवलंबून असतं. नोबी चांगली असेल तर 146 चा चेंडूही 150 सारखा लागतो.

स्टॅमिना वाचवायची एक सरळ वाट आहे. पहिला पिचर सुरुवातीचा नको, शेवटचा डाव बंद करणारा क्लोजर करा. त्याला एक-दोन इनिंगच टाकायच्या असल्याने स्टॅमिना ई वर सोडला तरी बिघडत नाही, आणि वाचलेले सगळे गुण कंट्रोल आणि फोर्कला मिळतात.

दुखापतीचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: शक्तीची पट्टी रिकामी होत आली तरी ‘आणखी एक आठवडा’. पट्टी भरलेली असताना धोका शून्य किंवा नगण्य, अर्ध्याच्या खाली गेली की धोका चढू लागतो. अलीकडच्या आवृत्त्यांत सरावावर थांबलात की दुखापतीची शक्यता टक्क्यांत दिसते. पाच टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तो पाच टक्के दहा वेळा घ्या, आणि निदान एकदा दुखापत होण्याची शक्यता 40 टक्क्यांवर जाते. दहा टक्के दहा वेळा घेतला तर 65. दुखापत म्हणजे सरावाविना जाणारे आठवडे, उतरलेला उत्साह, आणि बहुधा हुकलेला सामना. त्यामुळे नियम साधा ठेवा. आकडा शून्य असेल तर बेधडक सराव. एक ते पाच असेल तर त्या सरावाला तीन-चार साथीदार जमलेले असतील तरच. त्याच्या वर असेल तर विश्रांती.

एक आठवडा जवळून बघू. पट्टी साधारण 45 वर, चेहरा पिवळा. कंट्रोलच्या सरावाला तीन साथीदार उभे आहेत, धोका 4 टक्के. वेगाच्या सरावाला कोणीच नाही, धोका 7. मनोबलाच्या सरावाला एक साथीदार, आणि धोका शून्य. बरेच जण इथे वेग निवडतात, कारण डोक्यात वेग बसलेला असतो. बरोबर चाल कंट्रोलची, कारण साथीदारांमुळे एकाच आठवड्यात दीडदोन आठवड्यांचे गुण येतात आणि मैत्रीही वाढते. पण दोन आठवड्यांवर सामना असेल तर मनोबल घ्या किंवा झोपा. सामन्याला मलूल चेहऱ्याने गेलात तर हातातलं सगळं कमी पडतं.

त्या चेहऱ्याबद्दल. उत्साह पाच रंगांच्या चेहऱ्यांनी दाखवला जातो, आणि भाषा न येणाऱ्याला ही मोठीच सोय. गुलाबी हसरा सर्वोत्तम, मग तांबूस-केशरी, पिवळा मधला, निळा वाईट, जांभळा रडवेला. उत्साह कमी असेल तर त्याच सरावातून कमी गुण मिळतात. निळ्या चेहऱ्याने चार आठवडे घाम गाळण्यापेक्षा एक आठवडा फिरायला जाऊन तो वर आणणं फायद्याचं. प्रेयसीचं कथानक चालू असेल तर तिची भेट हा त्याचा स्वस्त मार्ग. तिच्याकडून खास कौशल्यंही मिळतात. मात्र महिनोनमहिने दुर्लक्ष केलंत तर नातं तुटतं आणि चेहरा थेट जांभळा.

पूर्ण कालावधीची विभागणी ढोबळ अशी ठेवा. पहिल्या एक-तृतीयांश भागात गुणांकडे फार बघू नका. ज्या सरावाला जास्त माणसं तिथे जा, मैत्री वाढवा, सरावांची पातळी वर आणा. बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालणारा याबे-कुन बहुतेक कथानकांत सुरुवातीलाच भेटतो, त्याच्याशी जमवून घ्या. मधल्या भागात रिकामे रकाने भरा आणि प्रशिक्षकाचं मत चढवा. शेवटच्या भागात मैत्री पक्की झालेल्यांसोबतचे सराव एकामागोमाग एक घ्या. एकूण गुणांतला सगळ्यात मोठा हिस्सा इथून येतो. पहिल्या भागात एकट्याने भरपूर सराव केलेला खेळाडू इथे मागे पडतो, आणि कारण त्याला कळतही नाही.

ड्राफ्टमध्ये नाव न येण्याचं. दोन वेगळी मतं मोजली जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रशिक्षकाचं मत तुम्हाला संघात जागा देतं. स्काउटचं, म्हणजे खेळाडू हेरायला येणाऱ्याचं, मत व्यावसायिक संघाच्या दारात नेतं. पहिलं मत मुख्यतः सरावाला लागून राहिल्याने आणि प्रसंगांतल्या उत्तरांनी वाढतं. दुसरं मुख्यतः सामन्यातल्या कामगिरीवर. म्हणून गुण साठवत बसण्याची सवय घातक ठरते. शेवटी एकदम खर्च करू म्हणून सगळे राखून ठेवले तर सामन्याच्या दिवशी मैदानात उतरतो तो सुरुवातीचाच कमकुवत पिचर. तो मार खातो आणि स्काउट निघून जातो. महत्त्वाच्या सामन्याआधी कंट्रोल आणि एक ब्रेकिंग बॉल यांत हात सैल सोडा. बाकीचे राखा.

राखायचे ते खास कौशल्यांसाठी. निळ्या रंगातली कौशल्यं थेट विकत घेता येतात, पण महाग पडतात. साथीदारांच्या प्रसंगांतून त्यांचा ‘कोत्सू’ म्हणजे किल्ली मिळत जाते, आणि किल्लीची पातळी चढली की किंमत उतरते. किल्ली मिळण्याआधी कौशल्य घेणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी फुलं घेणं. लाल रंगातले दोष मात्र वेगळे. संकटात घाबरणारा किंवा हलका, सहज लांब जाणारा चेंडू टाकणारा असा शिक्का लागला असेल तर तो काढायला गुण घाला, एखादं निळं कौशल्य कमी झालं तरी चालेल. सगळं संपताना शिल्लक उरलेले गुण वाया जातात, तेव्हा अखेरच्या पडद्यावर घाई नको; खर्चायला बसाल तेव्हा स्वस्तातले स्वस्त आधी उचला.

सुरुवातीलाच एक तपासणी करा. खेळाडूला ‘सेन्सू’ (म्हणजे सेन्स, उपजत जाण) वर्तुळासह मिळाला असेल तर त्याला प्रत्येक गोष्ट कमी गुणांत मिळते. फुली असेल तर जास्त गुणांत. फुलीवाला खेळाडू पुढे रेटण्यात अर्थ नाही. पहिल्या पाच मिनिटांत नवा सुरू करणं परवडतं. चाळीस आठवड्यांनंतर नाही परवडत. मधेच यंत्र बंद करून नशीब पालटायचा प्रयत्न मात्र करू नका. ही मालिका असल्या चलाखीवर जुन्या काळापासून नजर ठेवून आहे.

डॉक्टर दाइजोबू कधीतरी अचानक उगवेल. विक्षिप्त शास्त्रज्ञ, मोडकंतोडकं बोलतो, शस्त्रक्रिया करू का विचारतो. जमली तर गुणधर्म झेपावतात, फसली तर बरंच काही मातीत जातं. जपानी खेळाडू यावर तावातावाने वाद घालतात. हिशेबाने उत्तर सोपं आहे. खेळाडू आधीच लक्ष्याच्या जवळ असेल तर नकार द्या, कारण गमवायला खूप आहे. गाडी घसरलेलीच असेल तर होकार द्या. उत्तराच्या दोन पर्यायांतला होकार कुठला हे मात्र आधी नीट बघून ठेवा. गडबडीत चुकीचं बटण दाबून चांगल्या पिचरचं वाटोळं होतं.

सामन्याबद्दल क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमची नजर टप्प्यावर असते, आणि इथे टप्पा नाही. फलंदाजी करताना चेंडू कुठल्या उंचीवर येणार हे उभ्या पडद्यावर ओळखून कर्सर तिथे न्यायचा. ‘मीट’ (चेंडूला बॅट लावण्याचा गुण) चांगला असेल तर कर्सर मोठा. जोरकस फटका निवडलात तर तो आक्रसतो. उजव्या फलंदाजाने लवकर फिरवलं तर चेंडू डावीकडे, उशीर झाला तर उजवीकडे. सुरुवातीला जोरकस फटका विसरा. फलंदाज घडवत असाल तर ‘दान्दो’ नावाचा 1 ते 4 चा आकडा बघा. फटका किती उंच जातो ते त्यावर ठरतं. दान्दो 1 ठेवून पॉवर 85 करणं म्हणजे जमिनीवरून घरंगळणारे जोरदार चेंडू, बस. पिचिंगला दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला फलंदाज बाद) फोर्क झोनच्या, म्हणजे वैध चेंडूच्या चौकटीच्या, खाली टाका. संगणकाचे फलंदाजही त्यामागे धावतात. टीव्हीचा गेम मोड चालू केलेला नसेल तर यातलं काहीच जमणार नाही, कारण चित्र उशिरा पोचतं आणि दोष तुमच्या टायमिंगवर टाकला जातो.

आता हायस्कूलचा मोड, म्हणजे एइकान नाइन. भाषा न येणाऱ्याने खरं तर सक्सेसआधी हाच घ्यावा असं माझं मत. इथे तुम्ही प्रशिक्षक. एक प्रांत निवडायचा, शाळा उभी करायची आणि कोशिएन, म्हणजे राष्ट्रीय शालेय स्पर्धा, गाठायची. दिनदर्शिका सापशिडीसारख्या पटावर मांडलेली असते. हातातल्या पत्त्यावरच्या आकड्याइतके दिवस पुढे सरकता. निळ्या घरावर थांबलात तर फायदा, लाल घरावर तोटा. पत्ता सरावाच्या प्रकारासाठी नाही, तो कुठल्या घरावर नेतो यासाठी निवडा. सगळ्यात जास्त नुकसान ‘हा सराव चांगला आहे’ म्हणून लाल घरावर उडी मारणारे करून घेतात. पुढच्या दोन चालींनंतर आपण कुठे असू हे मोजून मगच पत्ता टाका.

संघाची दमछाक कधी होते ते समजायला खऱ्या स्पर्धेचं वेळापत्रक ठाऊक हवं. जपानी शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं. उन्हाळ्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत 49 शाळा येतात. 47 प्रांतांमधून एकेक, फक्त तोक्यो आणि होक्काइदोमधून दोन-दोन. मैदान निशिनोमियातलं हानशिन कोशिएन, 1924 मध्ये बांधलेलं. एक सामना हरला की बाहेर. आणि हरल्या दिवशीच तिसऱ्या वर्षाची मुलं संघातून निवृत्त. गेममध्येही तसंच. ऑगस्टमध्ये संघाचे सगळ्यात भक्कम खेळाडू एकदम जातात आणि शरद ऋतूतले सामने उरलेल्यांवर येतात. वसंतातल्या कोशिएनची निवड याच शरदातल्या निकालांवर होते. म्हणून प्रत्येक इयत्तेत निदान दोन पिचर आणि एक कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) तयार असलाच पाहिजे. कॅचर तिसऱ्या वर्षाचा एकटाच असेल तर ऑगस्टनंतर इतर जागेवरचा मुलगा तिथे बसवावा लागतो, आणि मग पिचर चांगला असून फुकट. पिचरना आलटून पालटून वापरा. खऱ्या शालेय बेसबॉलमध्येही 2020 पासून एका पिचरला आठवड्यात 500 चेंडूंची मर्यादा आहे.

सामन्यात बॅट तुमच्या हातात नसते, ठरावीक क्षणी डावपेच सुचवायचा असतो. सुरुवातीच्या दुबळ्या संघाला ‘कोरोगासे’, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवा, हा सगळ्यात उपयोगी. ताकद नसलेल्या मुलांनी उडवलेला चेंडू सहज झेलला जातो, पण जमिनीवरच्या चेंडूवर शाळकरी क्षेत्ररक्षक चुकतात. मुलांचे स्वभाव असतात आणि काही स्वभावांना खास डावपेच. लाजाळू मुलाचा डावपेच ‘मामोनो’, राक्षस. कोशिएनमध्ये राक्षस राहतो अशी जपानी म्हण आहे, तोच हा. तो जागा झाला की प्रतिस्पर्धी चुकांवर चुका करतात. म्हणून लाजाळू मुलगा गुणांनी कच्चा असला तरी संघात ठेवा, आणि त्याचा डावपेच पहिल्या इनिंगमध्ये उधळू नका. धावपटू बेसवर असतील अशा उत्तरार्धातल्या क्षणासाठी राखा. शाळेचं नाव दुबळ्यापासून नामांकितपर्यंत पाच पायऱ्यांनी चढतं, आणि नाव चढलं की एप्रिलला येणारी मुलंही आपोआप चांगली येतात. पहिली दोन-तीन वर्षं हरण्यातच जाणार. शाळा बदलून पुन्हा सुरू करू नका.

भाषेचं म्हणाल तर सक्सेसमधली संवादाची खिडकी बटण दाबेपर्यंत थांबते, तेव्हा फोनवर गूगल लेन्स धरून निवांत वाचता येतं. इंग्रजीतच हवं असेल तर 2007 चा ‘एमएलबी पॉवर प्रोज’ निन्टेन्डो वी आणि पीएस2 वर आला होता. त्यात कॉलेजच्या कथानकाचा सक्सेस आहे, तो जुना असला तरी हिशेब शिकायला उत्तम. 2023 मध्ये आलेला ‘डब्ल्यूबीएससी ई-बेसबॉल’ इंग्रजीत आणि अगदी स्वस्त, पण त्यात सक्सेस नाही. फलंदाजीचा हात बसवायला तेवढा चालेल. पीएस4 ची जपानी डिस्क भारतीय यंत्रावर चालते, मात्र जोडसामग्री (डीएलसी) जपानी खात्यावरूनच घ्यावी लागते. निन्टेन्डो स्विचवर जपानी ऑनलाइन दुकानातून डिजिटल घेणार असाल तर लक्षात घ्या, मार्च 2025 पासून तिथे परदेशी क्रेडिट कार्ड चालत नाही. जपानी प्रीपेड कार्ड लागतं.

मायलाइफ, म्हणजे एकाच व्यावसायिक खेळाडूची अख्खी कारकीर्द, सध्या बाजूला ठेवा. तो मोड संथ आहे, मजकूर भरपूर आहे, आणि त्यात सक्सेसमध्ये घडवलेला स्वतःचा खेळाडू उतरवता येतो. कंट्रोल बी आणि फोर्क 4 असलेला क्लोजर हाती आला की मग तिकडे वळा.